पिण्याचे पाणी आणि पिण्याजोगे पाणी

पंचगंगेत मेलेले मासे तरंगू लागले की कोल्हापुरात एक मागणी हमखास वर येते: कायदा कडक करा. मागणी करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण कायद्यांचा दुष्काळ या राज्यात कधी नव्हता. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा केला होता, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. दंड वाढवा म्हणावे, तर नदीत मैला सोडणाऱ्यांत नगरपालिकाच असतात आणि त्यांचा दंड करदाता भरतो. लोकजागृतीचे म्हणाल, तर नाल्याकाठी राहणाऱ्याला नाला कळायला फलक लागत नाही.

दखल घ्यावी असा पक्ष वेगळाच आहे. तो शहाणा, व्यवहारी आणि म्हणूनच अधिक घातक. नदी सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर पाणी वरच्या धरणातून आणा, असे तो म्हणतो. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन हे त्याचे यश. पन्नासेक किलोमीटर वाट काढून ते पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, कोल्हापूरच्या पुईखडीला पोचले. ते आले हे वाईट झाले, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ च्या महापुरात शिंगणापूरचा उपसा बुडाला आणि पुराने वेढलेले शहर टँकरपुढे घागरी घेऊन उभे राहिले, हे अजून कोणी विसरलेले नाही.

पण शिंगणापूर, बालिंगा ही जुनी उपसा केंद्रेही शहराच्या वरच्याच अंगाला आहेत, आणि शहराचे सांडपाणी वाहणारा जयंती नाला नदीला मिळतो तो त्यांच्या खाली. वरून घ्यायचे आणि खाली सोडायचे, ही रीत जुनीच. पाईपलाईनने फक्त घेण्याची जागा लांब नेली. नदी आता पिण्यासाठी फारशी लागत नाही म्हटल्यावर तिच्यासाठी भांडायचे कोणी?

खालच्या अंगाला मात्र तीच नदी आहे. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यामागे, बरगे घातलेले असताना, केंदाळाखाली पाणी काळे पडते. ओरड झाली की वरून पाणी सोडतात, बरगे काढतात, आणि ते काळे पाणी पुढच्या गावाच्या हद्दीत जाते. याला नदी प्रवाहित करणे म्हणतात! याच नदीकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, माणसे दगावली.

इथे कायद्याची दृष्टी तपासावी लागते. उदाहरणार्थ, भूजलाचा १९९३ चा कायदा पिण्याच्या पाण्यासाठीच होता. सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरांत परवानगीशिवाय विहीर खोदायची नाही, हा त्याचा गाभा. त्याची जागा घेणारा २००९ चा कायदा अमलात यायला २०१४ उजाडले. तरतूद चांगलीच आहे. पण राखण होते ती ‘पिण्याच्या’ पाण्याची, म्हणजे ज्यावर आज योजना चालते त्या उद्भवाची. ‘पिण्याजोगे’ पाणी, जे आज कोणी पीत नसेल पण उद्या पिता आले पाहिजे, त्याला या व्यवस्थेत वाली नाही. पहिले ठरते वापरावरून, दुसरे गुणावरून. वापर हलवता येतो, त्यासाठी निविदा निघतात.

गुणाचा विचार एकदा झाला होता. नदी नियंत्रण क्षेत्राच्या धोरणात नदीच्या टप्प्यांची प्रतवारी होती, आणि त्यानुसार काठापासून उद्योग किती लांब हवा याची अंतरे होती. कायदा नव्हे, शासन निर्णयच. म्हणून २०१५ मध्ये तो एका निर्णयाने रद्दही करता आला. पंचगंगेसाठी गळा काढणाऱ्या किती सभांत त्याचे नाव निघते?

वापर हलवणे कसे चालते, ते इचलकरंजीत पाहा. तिने पंचगंगा सोडून कृष्णा गाठली, मजरेवाडीला. मग वारणेकडे वळली तेव्हा त्या काठचे दानोळीकर आडवे आले. त्यानंतर दूधगंगेवर सुळकूडची योजना पुढे आली, तिथेही काठची गावे उठली. या गावांना स्वार्थी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या म्हणण्यात हक्काच्या पाण्याची भीती आहेच, पण त्याबरोबर एक साधा सवालही आहे: तुमच्या दारातली पंचगंगा आधी का साफ करत नाही?