परमुलखातले पंधरा दिवस

परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्यांच्या हकिगती बहुधा दोन टोकांवर सांगितल्या जातात. एका टोकाला अर्ज, गृहभेटी आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. दुसऱ्या टोकाला विमानतळावर फुगे घेऊन उभे असलेले आजी-आजोबा. मधले जे दिवस पालक मुलाच्या देशात काढतो, ते कुणाच्याच हिशेबात नसतात. सरकारी खात्यांच्या लेखी ती उरलीसुरली कागदपत्रं, नातेवाइकांच्या लेखी थोडीफार सहल. माझं म्हणणं असं की मुलाच्या मागच्या आयुष्यातलं जे काही वाचवण्यासारखं असतं, ते याच दिवसांत वाचतं किंवा कायमचं हरवतं. आणि आजवरच्या व्यवस्थांनी या दिवसांतल्या पालकाकडून भलत्याच कामाची अपेक्षा ठेवली.

ही अपेक्षा कुठून आली ते पाहायला हवं. १९५५ मध्ये हॅरी होल्ट या अमेरिकी शेतकऱ्याने युद्धोत्तर कोरियातून आठ मुलं दत्तक घेतली आणि त्यापाठोपाठ अनेक अमेरिकी जोडप्यांनी कोरियात पाऊलही न ठेवता, मुखत्यारपत्रावर मुलं घेतली. १९६१ मध्ये अमेरिकी कायद्याने हा मार्ग बंद केला. मुलाच्या देशात दत्तकविधान करायचं तर आधी मूल प्रत्यक्ष पाहा, नाहीतर ते घरी आल्यावर आपल्या न्यायालयात दत्तक घ्या. कोरियातली मुलं मात्र पुढेही दशकानुदशकं सोबत्यांच्या हवाली होऊन विमानाने जातच राहिली. १९५५ ते १९९९ या काळात तिथून १ लाख ४० हजारांहून अधिक मुलं बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये कोरियाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने यातल्या अनेकांच्या नोंदी खोट्या असल्याचं सांगितलं. आईवडील हयात असताना मुलाला अनाथ दाखवलं गेलं होतं, एका मुलाच्या कागदांवर दुसरंच मूल पाठवलं गेलं होतं. यातून निघणारा निष्कर्ष सोपा वाटतो: पालक तिथे गेले असते तर हे उघडकीला आलं असतं.

चीनचा अनुभव हा निष्कर्ष टिकू देत नाही. १९९२ पासून चीनमधून परदेशी दत्तक सुरू झालं आणि पालकाने जाऊन मूल घ्यायचं, हीच तिथली रीत होती. अमेरिकी पालक सहसा गटाने जात, संस्थेचा दुभाषा बरोबर असे. मुलाच्या प्रांताच्या राजधानीत पोचल्यावर एक-दोन दिवसांत हॉटेलच्या एखाद्या दालनात किंवा नागरी व्यवहार खात्याच्या कचेरीत मूल हातात दिलं जाई. विचार बदलायचा असेल तर मुदत चोवीस तासांची. दुसऱ्या दिवशी नोंदणी, बालगृहाला ठरलेली तीन हजार डॉलरची ‘देणगी’, तीही बहुधा कोऱ्या करकरीत नोटांत. मग मुलाच्या चिनी पासपोर्टसाठी काही दिवस थांबायचं आणि शेवटी व्हिसासाठी ग्वांगझो गाठायचं. तिथे शामियान बेटावरचं व्हाइट स्वान हॉटेल म्हणजे या पालकांचा हक्काचा मुक्काम. अमेरिकी वकिलातही बरीच वर्षं त्याच बेटावर होती. हॉटेलच्या लाल सोफ्यावर गटातली सगळी बाळं ओळीने बसवून फोटो काढायचा प्रघात होता. बाहेरचे दुकानदार बाबागाडी उसनी देत, रेशमी झबली विकत. मॅटेल कंपनीची एक खास बार्बीही तिथे उतरणाऱ्या पालकांना भेट मिळे. सोनेरी केसांच्या त्या बाहुलीच्या कडेवर चिनी बाळ होतं. ही कल्पना कुणाला सुचली असेल, देव जाणे.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. भेदरलेल्या बाळासह परक्या मुलखात अडकलेल्या माणसाला गरम पाणी, ओळखीचं जेवण आणि समदुःखी शेजारी मिळाले तर बिघडलं काय? पण त्या हॉटेलात मुलाच्या मागच्या आयुष्यातलं काहीच नव्हतं. २००५ च्या अखेरीस हुनान प्रांतातल्या हेंगयांग भागाची भानगड बाहेर आली. काही बालगृहं दलालांकडून पैसे मोजून बाळं घेत होती आणि ती बेवारस सापडल्याची नोंद करून परदेशी दत्तकात देत होती. दुसऱ्याच वर्षी दहा जणांना शिक्षा झाल्या. ज्या पालकांनी अशी मुलं नेली, ते तिथे जाऊन आले होते, मूल पाहून, सह्या करून आले होते. त्यांच्या ध्यानात काही आलं नाही आणि येणंही शक्य नव्हतं. भाषा येत नाही, दुभाषा संस्थेचा, वेळ चोवीस तासांचा. पण खरं कारण यांपैकी कुठलंच नाही. ज्याच्या कडेवर मूल आहे त्याला ‘हे आलं कुठून’ हे विचारणं परवडत नाही, कारण उत्तर भलतंच निघालं तर मूल परत करावं लागेल. त्या घटकेला अख्ख्या खोलीत सत्य नको असण्याचं सर्वांत मोठं कारण त्याच्याचकडे असतं. ग्वाटेमालात तर काही अमेरिकी पालक कागद होईपर्यंत अँटिग्वा शहरात महिनोन्‌महिने मुलाला घेऊन राहिले, तरीही तिथल्या दत्तकाचा बाजार झाला आणि २००८ च्या सुमारास नवे अर्ज बंद करावे लागले. तेव्हा पालकाला तपासनीस समजण्याचा नाद सोडलेला बरा. तपास मूल हातात पडण्याआधी, ज्यांचा त्यात काडीचाही लाभ नाही अशांनीच करायचा असतो.

पालकाला साधणारं काम वेगळं आहे: टिपून ठेवण्याचं. चीनमध्येच याचा पुरावा आहे. बेवारस मूल सापडलं की त्याचा छोटा फोटो, सापडल्याची जागा आणि तारीख देणारी जाहिरात प्रांतातल्या वर्तमानपत्रात येत असे. दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा तो कागद. अमेरिकेतल्या एका दत्तकपालक जोडप्याने अशा जाहिराती वर्षानुवर्षं जमवल्या आणि एकाशेजारी एक मांडल्या, तेव्हा त्याच त्या जागा पुन्हापुन्हा दिसू लागल्या. ‘वन चाइल्ड नेशन’ या २०१९ च्या माहितीपटात हे काम पाहायला मिळतं. एकट्या जाहिरातीवरून काही कळलं नसतं, पण ती जपली नसती तर कधीच काही कळलं नसतं. पालकाने जमवलेला तपशील त्या दिवशी निरुपयोगी असतो. तो वीस वर्षांनी मुलाच्या कामाला येतो.

पालकाने थोडे अधिक दिवस थांबून, मुलाला सांभाळणाऱ्यांकडून असा तपशील टिपून घ्यावा म्हटलं, तर पहिला आक्षेप कायद्यातूनच येतो. परदेशी दत्तकाबाबतच्या १९९३ च्या हेग कराराचं एकोणतिसावं कलम सांगतं की संमती आणि पात्रतेच्या अटी पूर्ण होईपर्यंत दत्तकेच्छू पालकांचा मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्क नको. नियम योग्यच आहे. पैसे आणि दबाव यांची वाट तिथूनच जाते. पण तो अटी पूर्ण होण्यापूर्वीचा आहे. दत्तकाचा आदेश झाल्यावर सांभाळणाऱ्या बाईशी चार तास बोलू नये असं हा करार कुठेच म्हणत नाही. उलट तिसाव्या कलमात मुलाच्या मूळची माहिती जपण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. बुखारेस्टमध्ये २००० साली १३६ मुलांवर सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं की संस्थेतलं मूल कुटुंबात जितकं लवकर, विशेषतः दोन वर्षांच्या आत जाईल, तितकं त्याला बरं. मग मुक्काम लांबवायचा कशाला? पण मुक्काम लांबवणं म्हणजे मुलाला संस्थेत ठेवणं नव्हे. मूल पालकाच्याच कुशीत असतं. फक्त रस्त्यावरचे आवाज, ताटातली चव आणि कानावर पडणारी भाषा एकाच दिवसात बदलत नाही. राहता राहिला खर्चाचा मुद्दा. तो खरा आहे, पण विमानभाडं आणि संस्थांची शुल्कं भरणाऱ्यांना नेमका हा मुक्कामच जड जातो हे पटायला कठीण आहे. अडचण असते ती रजेची, आणि ती पालकांच्या सरकारांना सोडवता येते.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. मुंबई-पुण्याच्या संस्थांमधून गेल्या अर्धशतकात कितीतरी मुलं युरोप-अमेरिकेत गेली. त्यातली बरीच वर्षं विदेशी पालकांना इथे सहसा दत्तकविधान करता येत नसे. १८९० च्या कायद्याखाली पालकत्वाचा आदेश घ्यायचा आणि दत्तक आपल्या देशात जाऊन पूर्ण करायचं. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहाराला शिस्त लावली, १९९० मध्ये ‘कारा’ ही दत्तकव्यवहाराची केंद्रीय यंत्रणा आली, २००३ मध्ये भारताने हेग करार स्वीकारला. आज आदेशानंतर अनुरूपता प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा आणि घरी गेल्यावर दोन वर्षं अहवाल असा क्रम आहे. प्रत्येक कागदाला नमुना आहे. दीड वर्षाच्या मुलाला मऊ भात लिंबाच्या लोणच्याच्या खारासकट आवडतो, ‘भुर्र’ म्हटलं की ते चपला शोधतं, पाठीवर थोपटल्याशिवाय झोपत नाही, हे शिशुगृहातल्या मावशींना तोंडपाठ असतं. असले बारकावे मात्र नमुन्यात मावत नाहीत. मावशी नोकरी सोडून गेल्या की ही माहितीही गेली.

त्या काळात परदेशी गेलेली कितीतरी मुलं आता चाळिशी-पन्नाशीला आली आहेत आणि परत येऊन फाइल मागतात. नियमांनुसार मुळाचा शोध दत्तक गेलेल्या व्यक्तीनेच घ्यायचा असतो, तिच्या वतीने तिऱ्हाइताने घेतलेला चालत नाही. फाइल उघडली की मिळतो तो न्यायालयाचा आदेश आणि वैद्यकीय दाखला. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये, नातेवाइकांतली दत्तकं वगळता, हे दार बंद केलं. नेदरलँड्सनेही टप्प्याटप्प्याने थांबायचं ठरवलं आहे. भारतातून मुलं अजून जात आहेत, त्यांत विशेष गरजा असलेली बरीच. ही दारं उघडी असावीत की नसावीत, हा वेगळा वाद आहे आणि तो व्हायला हवा. पण जोवर उघडी आहेत तोवर ‘कारा’ने नियमावलीत एवढी भर घालावी: आदेश आणि विमान यांच्यामध्ये पालकाचा मुलाच्या गावी किमान तीन आठवड्यांचा मुक्काम, संस्थेच्या पगारावर नसलेला दुभाषा, आणि सांभाळणाऱ्या मावशींच्या तोंडून पालकाने लिहून घेतलेली, दोघांच्या सहीची नोंद, जिची एक प्रत फाइलमध्येच राहील.