एकाची खोडी, दुसऱ्याची चोरी

गोकुळाष्टमीच्या दहीकाल्यात आपण ज्या बालकाचे कोडकौतुक करतो, तो गौळणींच्या तक्रारींवरून पाहता सराईत चोरच ठरावा. त्या तक्रारी आपण भक्तिभावाने गातो. देवाची लीला म्हणून ते सोडून दिले, तरी मूल म्हटले की खोड्या आल्याच, ही समजूतही त्या गाण्यात आहे. परंतु देवळाच्या पायरीवरून नारळाची वाटी उचलताना सापडलेला पारध्याचा मुलगा आपल्याला प्रथम मूल म्हणून दिसतो काय?

बेळगाव ज्या मुंबई इलाख्यात होते, तेथे गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 नंतर लागू झाला. मूळ कायदा 1871 चा. हुबळी, विजापूर, सोलापूर येथे वसाहती उभ्या राहिल्या. ‘सेटलमेंट’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या कायद्यात एक कलम असे होते की, सहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलांना आईबापांपासून तोडून सरकारी शाळांत ठेवता येई. मुलाने काही केले असावे, अशी अटही नव्हती; जन्म पुरेसा होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. नजर मात्र रद्द झाली नाही.

हा केवळ आपलाच दोष आहे असेही नव्हे. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी 2014 साली खेळण्यातले पिस्तूल घेऊन बागेत खेळणाऱ्या बारा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर पोलिसांनी गाडीतून उतरताच गोळी झाडली. त्याचे वय पाहण्याइतकाही वेळ कोणी घेतला नाही. बालपण हे असे पाहणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

आपल्या सीमाभागाला पोलिसांची गोळी समजावून सांगावी लागत नाही. 17 जानेवारी 1956 चे हुतात्मे आपण दरवर्षी स्मरतो. 6 एप्रिल 1981 रोजी निपाणीत तंबाखू शेतकऱ्यांवर झालेला गोळीबारही विसरलेलो नाही. एवढे बळ कोणावर, कशासाठी, कितपत, हे प्रश्न आपण त्या वेळी विचारले आणि ते रास्तच होते. मग हरणशिकाऱ्याच्या पोराला चौकीत मार बसतो तेव्हा ते प्रश्न कोठे जातात?

कोणी म्हणेल, त्यांच्यातील मुले खरोखरच चोरी करतात. एखादा करीतही असेल. आपल्या आळीतलाही एखादा करतो. पण त्याच्या बापाला हेडमास्तर बोलावून घेतात आणि प्रकरण मिटते. कृत्य एकच, एकाचा न्याय बापाकडे, दुसऱ्याचा फौजदाराकडे. माझा आक्षेप शिक्षेवर नाही, या वाटणीवर आहे.

2015 च्या बालन्याय कायद्याने अठरा वर्षांखालील कोणासही कोठडीत ठेवण्यास मनाई केली आहे. चोवीस तासांत त्याला बालन्याय मंडळापुढे उभे करावे लागते. 2016 च्या नियमांनी बेड्या व बळजबरीही वर्ज्य केली. यात जात कोठेच विचारलेली नाही. तथापि पहिली थप्पड बहुधा पोलिसाची नसतेच. ती देवळाच्या आवारातील, जत्रेतील गर्दीची असते आणि तिला कोणताच नियम ठाऊक नसतो. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. देवस्थानच्या पंचांपैकी एखादा त्या मुलाबरोबर ठाण्यापर्यंत चालत गेला, त्या अधिकाऱ्याची चौकशी केली आणि पालावर निरोप पोहोचेपर्यंत तेथील बाकावर बसून राहिला, तर त्याचा तासदीड तास जाईल.