दानाची पावती

आमच्या शहापूर-मुरबाडकडे देऊळ लहान असो की मोठं, त्यात पंखा असतो आणि पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव असतं. पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही. नाव वाचता आलं की समजावं, वीज गेली. म्हणजे दान उपयोगी पडतं तेव्हा दाता दिसत नाही आणि दाता दिसू लागला की दान बंद! यात मोठं तत्त्वज्ञान आहे, पण उकाड्यात ते कुणाला सुचत नाही.

या हाताचं दान त्या हाताला कळू नये, असं म्हणतात. मग लिहून ठेवलेलं दान हे दान की जाहिरात?

मुरबाडहून वैशाखऱ्याला उतरून नाणेघाट चढणाऱ्याला हा प्रश्न फार छळतो. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. घामाघूम होऊन वर पोचावं, आता काहीतरी गूढ ऐकायला मिळणार म्हणून श्वास रोखावा, तर काय? हिशेब! यज्ञ कोणते केले आणि दक्षिणा किती दिली. एका यज्ञाला १२ गाई, १ घोडा. दुसऱ्याला १,७०० गाई आणि १० हत्ती. म्हशाची अख्खी जत्रा एका ओळीत! बघ्यांना नि नोकरचाकरांना ६,००१ कार्षापण. वरचा तो एक पाहिलात? लग्नाच्या पाकिटात आपण घालतो, तोच.

मी पडलो बँकेतला कारकून. खातेवही दगडाची असली तरी जीव रमतोच. या आकड्यांत शून्य मात्र नाही. शंभराला, हजाराला वेगवेगळी खूण. माझी महिनाअखेरची शिल्लक कोरायची वेळ आली असती, तर पाथरवट छिन्नी टाकून पळाला असता.

पण खरी गंमत पुढंच आहे. लेण्यात राजघराण्याचे पुतळे होते, ते गेले. वर कोरलेली नावं उरली. गाई गेल्या, हत्ती गेले. आकडे राहिले. भगवानलाल इंद्रजींनी १८७० च्या दशकात ते लावले आणि आज जग वापरतं त्या अंकांच्या पूर्वजांचे फार जुने नमुने आपल्या हाती आले. राणीनं मोठेपणासाठी लिहिलं असेलही. पण गाई पुरोहितांच्या गोठ्यात गेल्या आणि मोठेपणाचा फायदा आपल्याला झाला. तेव्हा दान लिहू नये, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अडतं ते दुसरीकडेच. माथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे. सोपारा-कल्याणकडून जुन्नर-पैठणला माल नेणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तसं असेल तर गाईंचा पैसा थोडाफार त्यातलाच! पण त्या व्यापाऱ्यांचं, त्यांच्या हमालांचं नाव त्या हिशेबात नाही. आजही तेच. कसारा घाटाच्या वाटेवर फास्टॅगमधून पैसे कुणाचे जातात आणि रस्त्याच्या कोनशिलेवर नाव कुणाचं असतं!

नुसती खर्चाची बाजू लिहून जमेची कोरी ठेवली, तर मला साहेब घरी बसवतील. माझं म्हणणं एवढंच, की दान खुशाल लिहावं, पण पैसा कुठून आला तेही लिहावं. नाणेघाटात खर्च तेवढा कोरलेला आहे. जमेच्या बाजूला नुसता रांजण उभा आहे, आणि रांजण काही पावती देत नाही.