हलकी काठी

मी पंचतारांकित ठिकाणी नोकरी करतो असं सांगितलं, की पुण्यामुंबईचे नातेवाईक आधी खुर्चीत सावरून बसतात आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे स्वयंपाकघरात, की काउंटरवर?" मग मला सांगावं लागतं, की हे हॉटेल नव्हे; ही कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. कागलच्या अलीकडे हमरस्त्यावरून आत वळलं की लागते. इथले तारे मी रोज पाहतो. आमचा कारखाना ओतकामाचा. फेटलिंग विभागात ग्राइंडर सुरू झाला की तारे पाचांनी नव्हे, हजारांनी उडतात.

माझं खातं लोखंडाचं नाही, माणसांचं. टाइमकीपर म्हणून चिकटलो, पुढे पर्सोनेल ऑफिसर झालो आणि आता दारावर 'मानव संसाधन' अशी पाटी आहे. पाटी बदलली तरी काम तेच राहिलं. चांगली बातमी मोठे साहेब सांगतात, वाईट मी. या बाबतीत माझी थोडीफार ख्यातीही आहे. मी वाईट बातमी इतक्या हलक्या हाताने सांगतो, की पुष्कळदा ऐकणाऱ्याला ती कळतच नाही.

रविवारी मात्र मी दूधगंगेच्या काठी असतो आणि माझ्या हातात काठी असते. चिव्याची, चांगली अंगठ्याएवढी जाड. तिला नायलॉनचा दोरा, दोऱ्याला मोरपिसाच्या देठाचं तरंगणं आणि गळाला गांडूळ. एवढ्या भांडवलावर मी वर्षानुवर्षं चिलापी धरत आलो. क्वचित एखादी मरळ लागते आणि गळासकट निघून जाते. त्या दिवशी घरी येऊन मी तिची लांबी दोन्ही हातांनी दाखवतो, आणि आमची ही स्वयंपाकघरातून न पाहताच म्हणते, "अहो, हात भिंतीला लागतील."

असं सगळं सुखात चाललेलं असताना गेल्या डिसेंबरात ब्रिस्बेनहून माझा भाचा आला.

या भाच्याला ऑस्ट्रेलियात जाऊन दोन गोष्टी लागल्या: एक नोकरी आणि दुसरा फ्लॅटहेड. फ्लॅटहेड हा मासा आहे, हे मला त्याच्याकडून कळलं. तोवर आमच्या वसाहतीत फ्लॅटहेड म्हणजे स्क्रू. मी मोठ्या उत्साहाने आमच्या स्टोअरकीपरना सांगितलं, "यंदा रत्नागिरीला फ्लॅटहेड धरायला चाललोय." त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "किती एमएम? आणि एवढ्यासाठी रत्नागिरी कशाला? आपल्याकडं पेटीभर पडलेत."

नाव मात्र सार्थ आहे. हा मासा कुणीतरी डोक्यावर पाट ठेवून बसल्यासारखा चपटा असतो. वाळूच्या रंगाचा, वाळूतच अर्धा पुरून घेऊन, फक्त डोळे वर ठेवून पडून राहतो. अन्नामागे धावत नाही. अन्नच डोक्यावरून जाऊ लागलं की उसळी मारून तोंडात घेतो. सरकारी कचेरीत काही जागांवर या वृत्तीची माणसं आपण पाहिलेली असतात. भाचा धरतो तो डस्की फ्लॅटहेड. त्याचा एक भाऊबंद आपल्या किनाऱ्यावरही, खाडीच्या मुखाशी वाळूत असतो. क्वीन्सलंड राज्यात डस्की फ्लॅटहेड ४० सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडावा लागतो आणि ७५ पेक्षा मोठा असेल तरीही सोडावा लागतो. कारण मोठ्या असतात त्या माद्या, पुढच्या पिढीच्या आया. मला हा कायदा फार माणुसकीचा वाटला. आपल्याकडे लहान आणि म्हातारी तेवढी धरतात, मधली निसटतात.

भाच्याने माझी चिव्याची काठी उचलून पाहिली आणि म्हणाला, "मामा, हिला दाराचा अडसर करा." मग त्याने आपल्या पिशवीतून दोन काठ्या काढून पलंगावर ठेवल्या. एक नऊ फुटी, दणकट. दुसरी सात फुटी, शेंड्याकडे वाळलेल्या गवताच्या काडीसारखी बारीक. वजन पुस्तकाएवढंही नाही. म्हणाला, "किनाऱ्यावरून फ्लॅटहेडला ही हलकीच घ्यायची."

"का?"

"तो तळाला असतो. आमिष तळाला टेकलं, की दोन वळसे गुंडाळायचं, थांबायचं. तो तोंड लावतो ते असं, टिक्! चिव्याच्या काठीला ते कळणारच नाही. हलक्या काठीतून बोटाला कळतं."

भाचा कळण्याबद्दल बोलत होता. मी मात्र ऐकलं ते भलतंच. मला वाटलं, वा! बलवानाने आपणहून दुबळं शस्त्र हाती घ्यायचं, समोरच्यालाही संधी द्यायची. केवढा हा खिलाडूपणा! मासे मारण्याबद्दल माझ्या मनात एक बारीक टोचणी होतीच. ती या काठीने एकदम निघाली. म्हणून दोरा निवडायची वेळ आली तेव्हा मी भाच्याचंही ऐकलं नाही. तो देत होता विणलेला, बारीक पण पाच किलो ताण सोसणारा. मी निवडला दोन किलोवर तुटणारा नायलॉन. म्हटलं, न्याय करायचा तर पुरा करावा.

दोन संध्याकाळी आम्ही गच्चीवर सराव केला. गळाच्या जागी कारखान्यातला एक नट बांधला होता. पहिला नट शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर वाजला. दुसरा आमच्याच वाळत घातलेल्या लुगड्यात अडकला. ही खालून ओरडली, "अहो, मासे पाण्यात असतात!"

शिकार आणि न्याय यांची सांगड घालणारा मी काही पहिला नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. आमच्या कोल्हापूरचे शिलाहार त्याच घराण्याचे मांडलिक, तेव्हा हा राजा आम्हाला अगदीच परका नाही. त्या ग्रंथात राजाच्या करमणुकींची प्रकरणं आहेत आणि त्यांत गळाने मासे धरण्यावर एक आहे. त्याचं नाव 'मत्स्यविनोद'. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन या विषयावर पुस्तक लिहून प्रसिद्ध झाला तो १६५३ साली, म्हणजे आमचा राजा त्याला पाचशे वर्षांनी थोरला. पण 'मत्स्यविनोद' या शब्दापाशी मी जरा थबकलो होतो. यात मत्स्य कुठला आणि विनोद कुणाचा, हे समास सांगत नाही. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, असं आपण म्हणतो. मांजराने हलक्या पंज्याने खेळ केला तर उंदराला बरं वाटतं का, हे आजवर कुणी उंदराला विचारलेलं नाही.

आंबा घाट उतरून आम्ही रत्नागिरीला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाट्याच्या वाळूत उभे राहिलो. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, मागे सुरूचं बन. ओहोटी लागली होती. ओहोटीबरोबर खाडीतली बारकी मासळी बाहेर येते आणि ही चपटी मंडळी पाण्याच्या वाटेवर दबा धरतात, असं भाच्याने समजावलं. मी रबरी मासा फेकला. दोन वळसे, थांबलो. दोन वळसे, थांबलो. आणि खरंच, बोटाला लागलं. टिक्!

त्यानंतरची नऊ मिनिटं माझ्या आयुष्यातली अत्यंत आनंदाची होती. काठीचं धनुष्य झालं. मासा ओढी, मी ढील देई. मासा थांबे, मी गुंडाळी. दोरा दोन किलोचा. जोर करून चालणारच नव्हतं. भाचा मागून ओरडत होता, "मामा, आणा आता!" आणि मी म्हणत होतो, "थांब रे, बिचाऱ्याला संधी देऊ." शेवटी तो वाळूवर आला तेव्हा त्याला शेपूट हलवायचंही त्राण नव्हतं. मोजला, ३४ सेंटिमीटर. भाच्याच्या कायद्याने लहान. त्याने गालफडाचे काटे सांभाळत मासा उचलला, पाण्यात धरून पुढेमागे हलवला आणि सोडला. मासा पोट वर करून तरंगला. मग एक लाट आली. ती ओसरली तेव्हा मासा दिसला नाही. तो पोहत गेला की वाहत, ते मला आजही सांगता येत नाही.

जवळच एक म्हातारबा पाग टाकत होते. ते बराच वेळ आमचा विनोद पाहत होते. म्हणाले, "काय ओ, खायचा होता तर लगेच वढायचात. सोडायचा होता तर येवढा दमवलात कशाला?"

मी म्हटलं, "दोरा बारीक होता."

"मग जाड बांधायचात," म्हातारबा म्हणाले आणि पाग झटकून पुढे गेले.

परत येताना आंबा घाटात भाचा झोपला आणि मला काही केल्या झोप येईना. कारण त्या माशाच्या जागी मला दुसरंच कुणी दिसू लागलं होतं. आमच्या फेटलिंगमध्ये ठेकेदाराकडचा एक पोरगा आहे. चांगला कामाचा. पण एक मशीन येणार होतं आणि तिथली चार माणसं कमी होणार होती. त्यांत हा होता. हे ऑक्टोबरातच ठरलं होतं आणि त्याला सांगायचं काम माझं होतं. दिवाळी तोंडावर होती. म्हटलं, सणात कशाला? दिवाळीनंतर त्याने आपणहून विचारलं तेव्हा म्हणालो, "बघू." पुढे म्हणालो, "साहेबांशी बोलतो." पुढे, "वर्षअखेर होऊ दे." दर वेळी तो जरा ओढ घेई आणि मी ढील देई. दर वेळी तो "बरं सायेब" म्हणून जाई आणि मला वाटे, मी किती मवाळ माणूस! आमचे आधीचे साहेब असली बातमी दोन मिनिटांत सांगत आणि तिसऱ्या मिनिटाला डबा उघडत. त्यांना मी मनातल्या मनात कसाई म्हणत असे.

आता प्रश्न असा, की दोघांत बरा कोण? साहेबांची काठी चिव्याची. तिला समोरचा तडफडतो हे कळतच नसे, म्हणूनच डबा गोड लागे. तसं व्हावं असं मी म्हणणार नाही. समोरच्याचं दुःख बोटाला कळलंच पाहिजे. पण मला ते कळत होतं आणि मी त्याचा उपयोग काय केला? त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून नव्हे, तर मला तो एकदम सोसायला लागू नये म्हणून मी बारीक दोरा बांधला. नऊ मिनिटं माशाची गेली, न्यायाचं समाधान मला मिळालं. भाचा बरोबर सांगत होता. काठी हलकी घ्यायची ती कळण्यासाठी. दोरा मजबूत घ्यायचा तो लवकर संपवण्यासाठी. मी दोन्हींना एकच समजून बसलो होतो. आपल्यातले पुष्कळ भले लोक असेच बसतात. लग्नाला नकार द्यायचा तर "पत्रिका पाहून कळवतो" म्हणतात, पैसे द्यायचे नसले तर "पुढच्या महिन्यात" म्हणतात आणि रात्री शांत झोपतात. ज्याला सांगितलं तो जागा असतो.

सोमवारी मी त्या पोराला केबिनमध्ये बोलावलं, बस म्हटलं आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. तारीखही सांगितली. तो थोडा वेळ हातमोज्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सायेब, दिवाळीत गोकुळ शिरगावास्नं बोलावणं आलतं. तुमी बघू म्हटलासा, म्हणून गेलो न्हाई."

रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी मी बसून फोन केले. गोकुळ शिरगावची जागा भरली होती. आणखी दोन ठिकाणी ओळखीचे लोक होते. दोघेही अतिशय सज्जनपणे म्हणाले, "बघू." इतकी वर्षं हा शब्द मी वापरत आलो, पण दुसऱ्या बाजूने तो कसा ऐकू येतो ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिसऱ्याने मात्र सरळ सांगितलं, "आमच्याकडे जागा नाही." त्या माणसाचा मला मोठा आधार वाटला. निदान तो फोन पुन्हा करायचा नव्हता. पोरासाठी अजून फोन चालू आहेत आणि काय होतं ते मी त्याला त्याच दिवशी सांगतो, नसलं तर नाही म्हणून.

भाचा परत गेला. जाताना ती सात फुटी काठी आणि पाच किलोचा दोरा मला ठेवून गेला. पुढच्या रविवारी दूधगंगेवर जावं म्हणून मी नवा दोरा बांधायला बसणार, तर काठी जागेवर नाही. शोधत बाहेरच्या खोलीत आलो. ही स्टुलावर उभी राहून, काठीच्या शेंड्याला फडकं बांधून, कोपऱ्यातली जळमटं काढत होती.

"छान आहे हो ही," ती म्हणाली, "हलकी! हात अजिबात दुखत नाही."

वर कोपऱ्यात एक कोळी त्या फडक्यापुढे कधी इकडे, कधी तिकडे पळत होता. ही त्याला अलगद ढोसत होती.

मी म्हटलं, "काढायचा तर एका झटक्यात काढ. नाहीतर राहू दे त्याला."