स्वमग्न कोण?

कधी कधी शब्दच निवाडा करून मोकळे होतात. 'ऑटिझम' या अवस्थेला मराठीत 'स्वमग्नता' हे नाव रूढ झाले आहे. नामस्मरणात मग्न झालेल्या भक्ताचे आपण कौतुक करतो, अभ्यासात मग्न असलेल्या विद्यार्थ्याची पाठ थोपटतो. परंतु 'मग्न'च्या आधी 'स्व' आला की त्याच शब्दाला दूषणाची छटा येते. जणू या माणसांनी जगाकडे पाठ फिरवली आहे आणि ती स्वतःतच बुडून गेली आहेत! अशा नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाने स्वतःचा स्वीकार करायचा म्हणजे नेमके काय करायचे? हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा आहे, तितकाच नीतिशास्त्राचाही आहे.

मूळ ग्रीक शब्द 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः'. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने त्यावरून बनवलेली संज्ञा एका वेगळ्याच मनोविकाराच्या संदर्भात वापरली होती. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि ती संज्ञा या अवस्थेला कायमची चिकटली. पुढे काही तज्ज्ञांनी आईच्या मायेतील थंडपणालाच दोष दिला. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, हा आरोप खोडून काढला. मेंदूची जडणघडणच वेगळी असते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आज सर्वमान्य आहे. तरीही आपल्या घराघरांत सुनेला अजून ऐकवले जाते, 'तुझे लक्ष नव्हते म्हणून पोर असे झाले.' शास्त्राने दिलेली दोषमुक्ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागावीत?

वास्तविक यांपैकी अनेकांची अडचण जग जाणवत नाही ही नसून ते फार जाणवते ही आहे. नालासोपारा स्थानकावरची सकाळ डोळ्यांसमोर आणा. विरारहून भरून आलेली लोकल, दारात लोंबकळणारी माणसे, एकावर एक आदळणाऱ्या घोषणा आणि ऐन वेळी बदललेला फलाट! आपल्याला हे सारे त्रासाचे वाटते, पण आपले मन त्यातला बराचसा भाग आपोआप गाळून टाकते. स्वमग्न व्यक्तीला अनेकदा ही गाळणी लाभलेली नसते. दिव्याची उघडझाप, शेजाऱ्याच्या डब्यातला वास, सदऱ्याच्या कॉलरची टोचणी, लग्नाचा बँड, दिवाळीचे फटाके हे सर्व एकाच वेळी, एकाच तीव्रतेने येऊन थडकते. मग कोणी कानांवर हात ठेवतो, कोणी हात हलवत राहतो, कोणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. पुरात सापडलेला माणूस झाडाची फांदी धरतो, त्यातलाच हा प्रकार. आपण मात्र म्हणतो, 'लोक बघताहेत, हात खाली घे.'

येथूनच मुखवट्याला प्रारंभ होतो. ज्यांना बोलता येते, शिकता येते, नोकरी करता येते, ते हळूहळू अभिनय शिकतात. नजरेला नजर भिडवली की जीव कासावीस होतो, तरी ते भिडवतात. विनोद कळला नाही तरी इतरांकडे बघून हसतात. संध्याकाळी घरी परतताना अंगात त्राण उरत नाही. बाहेर सर्वांना वाटते, 'किती सुधारला!' येथे एक नैतिक विसंगती दडली आहे. आपण मुलांना खरे बोलायला शिकवतो. स्वमग्न मूल 'ही भाजी मला आवडली नाही' असे पाहुण्यांसमोर सरळ सांगते, तेव्हा आपण त्याला उद्धट ठरवतो; आणि तेच पुढे आयुष्यभर स्वतःविषयी खोटे वागू लागले, की त्याला शहाणे म्हणतो.

स्वतःचा स्वीकार म्हणजे हा खोटेपणा थांबवणे. रोमानो ग्वार्दिनी या कॅथॉलिक विचारवंताने स्वतःच्या स्वीकारावर एक स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. आपले अस्तित्व आपण निवडलेले नसते, ते आपल्याला दिलेले असते; म्हणून त्याला होकार देणे हे सर्व नीतीचे मूळ आहे, असा त्याचा आशय आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेतही माप म्हणून स्वतःवरची प्रीतीच घेतलेली आहे. ते मापच मोडके असेल, तर शेजाऱ्याच्या पदरात काय पडणार?

'मग काहीच शिकवायचे नाही काय?' असा प्रश्न पालक विचारतील, आणि तो रास्त आहे. रस्ता ओलांडणे, दुखते आहे हे खुणेने वा चित्राने सांगणे, पैशांचा हिशेब ठेवणे हे सारे शिकवलेच पाहिजे. कौशल्य माणसाची ताकद वाढवते. मुखवटा तीच ताकद खाऊन टाकतो. शिकवण्याआधी एवढेच विचारावे, 'हे त्याच्या सोयीसाठी आहे, की माझी लाज झाकण्यासाठी?' जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने १९९३ साली टोरांटो येथे पालकांना कळकळीने सांगितले होते की, आमच्यासाठी शोक करू नका. तुम्ही कल्पिलेल्या मुलाचे दुःख जरूर करा, पण ते समोर उभ्या असलेल्या मुलावर लादू नका. ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याच्या वतीने हा स्वीकार प्रथम घरच्यांनाच करावा लागतो. तेथे आईबापांची रात्रीची झोप उडवणारा प्रश्न वेगळाच असतो : 'आमच्या पश्चात काय?' स्वीकाराच्या गोड शब्दांनी तो सुटत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सज्ञान स्वमग्न व्यक्तीसाठीही कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. १९९५ च्या अपंग कायद्यात नसलेली स्वमग्नता २०१६ च्या कायद्यात समाविष्ट झाली. परंतु कायदा पालक नेमू शकतो, शेजार नेमू शकत नाही.

आणखी एक मोह टाळला पाहिजे. मुंबईच्या जिया राय या स्वमग्न मुलीने २०२१ साली वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर पोहून पार केले. पुढे तिने पाल्कची सामुद्रधुनी व इंग्लिश खाडीही पोहून ओलांडली. तिचे कौतुक व्हावे तेवढे थोडेच. पण जो कधी पोहणार नाही, ज्याच्या नावाची बातमी कधी येणार नाही, जो रोज एकाच ताटात, एकाच वेळी वरणभात मागेल, त्याची किंमत कमी काय? पराक्रमाच्या बदल्यात दिलेला मान हा स्वीकार नव्हे, तो सौदा होय.

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली एक साधी गोष्ट मांडली : स्वमग्न माणसाला आपण कळत नाही हे खरे, पण आपल्यालाही तो कळत नाही, गैरसमज दुहेरी आहे. तरीही त्यातला दोष मात्र आपण एकाच्याच पदरी टाकतो. आपलीच रीत ही एकमेव रीत, आपलेच हसणे हे खरे हसणे, असे धरून चालणारा समाज स्वमग्न नव्हे काय?

आपली सोपाराभूमी याविषयी मुकी नाही. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा भाग १९५६ साली भुईगावला सापडला. आजारपणात, लग्नकार्यात, संततीसाठी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प. दास व सेवक यांच्याशी योग्य वागणूक हेच खरे मंगल, असे त्या लेखाचे सांगणे आहे. मुलगा 'सुधारावा' म्हणून नवस बोलणाऱ्यांनी आणि तो गाडीत कानांवर हात ठेवून उभा असता हसणाऱ्यांनी, दोघांनीही हे सांगणे मनावर घ्यावे. आवाज थोडा खाली आणावा, बदल आधी कळवावा, उत्तरासाठी क्षणभर थांबावे, नजर मिळाली नाही तरी माणूस ऐकत आहे असे मानावे. इतके मिळाले, तर स्वतःला होकार देणे त्याला पुष्कळ सोपे जाईल.