सुशीच्या आधी भात

नेरूळ, रविवार

चि. सई,


जपानी जेवण घरी करायचं म्हणून तू बांबूची चटई, तांदळाचं व्हिनेगर, काळे तीळ, सगळं मागवलंस म्हणे. आणि तांदूळ? घरातला बासमती! अगं, जो सुटासुटा व्हायलाच जन्मला, त्याचा मुटका वळणार कसा?

इंद्रायणी आण. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळला काढलेलं हे वाण, १९८७ मधलं. त्यासाठी वाशीच्या दाणाबाजारात जायला नको, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतो. पाणी नितळ येईतो धू, अर्धा तास भिजव. वाटीला सव्वा वाटी पाणी. तांदूळ नवा असला तर जरा हात आखडता. भात झाला की दहा मिनिटं झाकण उघडू नकोस. तू उघडतेसच, मला माहीत आहे.

मग ओनिगिरी. हात ओले करायचे, मीठ चोळायचं, कोमट भात घेऊन त्रिकोणी वळायचा. पोटात ते लोक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, भरतात. तू मिठातल्या लिंबाची फोड घाल. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, भात कडक होतो. आणि आपल्या उकाड्यात दिवसभर डब्यातही नको. केलं की खाऊन टाक.

कच्च्या माशाच्या सुशीचा हट्ट सोड. दिवाळे गावच्या कोळणीकडचा मासा ताजा असेल, पण तो कालवणासाठी. कच्चा खायचा मासा जंत मरावेत म्हणून आधी कडक गोठवावा लागतो, ते घरच्या फ्रिजचं काम नव्हे. काकडीची सुशी कर, झकास होते.

गोडात मोचीच्या नादी लागू नकोस. तिला चिकट तांदळाचंच पीठ लागतं. मी मोदकाच्या पिठीची केली होती. गार झाल्यावर कॅरमच्या सोंगट्या! पण दांगोला, म्हणजे त्यांच्या काडीवर ओवलेल्या गोळ्यांना, हीच पिठी चालते, कारण त्यासाठीचं तिकडचं जोशिन्को पीठ साध्या तांदळाचंच. उकळतं पाणी घालून मळ, गोळ्या वळून उकळत्या पाण्यात सोड. वर तरंगल्या की आणखी दोन मिनिटं, मग गार पाण्यात. निथळून काड्यांवर ओव. सोया सॉस, साखर, पाणी आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर शिजवून वरून ओतायचं. खारटगोड लागतं, पहिल्या घासाला विचित्र.

चार काड्या काकांसाठी पाठव. कशाच्या आहेत ते खाऊन झाल्यावर सांग.

तुझी,
मावशी