झाडाची जखम तुम्हीच केलीत

उभे राहा सगळे. वसतिगृहासमोरच्या आंब्याखालचा भुसा कोणी झाडला? पाहुणे येणार होते, आवार स्वच्छ करायचं होतं, हे उत्तर पुन्हा ऐकवू नका. उद्यानविद्या शिकायला आलात ना? बुंध्याशी ताजा भुसा दिसल्यावर मान वर करून तो कुठून पडतोय एवढंही बघावंसं वाटलं नाही?

आत खोडकिडा आहे. कोकणात भिरूड म्हणतात तो. मादी भुंगेरा सालीला चीर पाडून अंडी घालते. अळी साल पोखरत गाभ्यात शिरते आणि बोटाएवढी जाड होईपर्यंत महिनोन्‌महिने आतच खात बसते. वरची पानं हिरवी होती, म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. फांदी वाळली तेव्हा पंप घेऊन पानांवर औषध मारलंत! लाकडात बसलेल्या अळीपर्यंत तो फवारा पोचेल कसा? आणि मारायला मागितलंत काय, तर डायक्लोरव्हॉस. त्याच्या वापरावर 2020 च्या अखेरीस देशात बंदी आली, हे वर्गात सांगून झालंय.

किड्यावर सगळं ढकलून मोकळे होऊ नका. गवत कापायचं यंत्र बुंध्याला घासत कोणी नेलं? गॅदरिंगच्या माळांसाठी खिळे कोणी ठोकले? माळा तर पावसाळा लागला तरी तशाच जळत होत्या. नेमके तेव्हाच हे भुंगेरे बाहेर पडतात, रात्री फिरतात, दिव्याकडे येतात. पाराचं सिमेंट खोडाला भिडवलंत, पाणी मुरायला जागा ठेवली नाहीत. असं जखमी, तहानलेलं झाड किड्याला सोपं सापडतं. तुमच्या आजोबांच्या वयाचं झाड आहे ते. ते असं जाताना मला बघवत नाही.

आता खाली बघत उभे राहू नका. टोकाला आकडा केलेली लवचीक तार आणा. ओला भुसा येतोय ते भोक शोधून साफ करा, तार आत सारून अळी ओढून काढा. नाहीच निघाली, तर रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा आत सरकवा आणि तोंड चिखलाने लिंपा. वाळलेली फांदी जिवंत लाकडापर्यंत कापा, कापाला बोर्डो पेस्ट लावा. ती फांदी कुंपणाशी रचून ठेवायची नाही. आत अळ्या असतील, आजच जाळायची. सिमेंट माझ्यासमोर फोडायचं, मुळाला पहार लागता कामा नये.

आंब्याचं झालं की फणस आणि उंबर. हाच किडा त्यांनाही लागतो. प्रत्येक खोड बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत हाताने चाचपायचं. निघा.